हिपॅटायटिस-सी : डोळ्यांत न उतरणारी कावीळ

सांगली जिल्ह्याच्या पलूस तालुक्यातील भिलवडी, आमणापूर, औदुंबर, ब्रह्मनाळ या कृष्णाकाठच्या गावांना कावीळ नवी नाही. २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनंतर पाणी उकळून पिण्याच्या सूचना येथे घरोघर पोहोचल्या. २०१२ मध्ये शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्यातील इचलकरंजीत दूषित पाण्यामुळे पसरलेली काविळीची मोठी साथ या भागाने जवळून पाहिली आहे. त्यामुळे कावीळ म्हटले की पिवळे डोळे, गडद लघवी, अन्नावरची वासना उडणे, पथ्याचे जेवण आणि 'कावीळ उतरवणारा' गावातील जाणकार एवढे सारे एकत्रच आठवते.

या समजुतीत एक गोष्ट सुटून जाते. दूषित पाण्यातून होणारी कावीळ ही प्रामुख्याने हिपॅटायटिस-ए आणि हिपॅटायटिस-ई या विषाणूंमुळे होते. बहुतांश रुग्णांत ती काही आठवड्यांत आपोआप ओसरते आणि श्रेय मात्र पाल्याच्या रसाला किंवा मंतरलेल्या माळेला मिळते. हिपॅटायटिस-सी या विषाणूचे वागणे याच्या अगदी उलट आहे. तो पाण्यातून येत नाही, रक्तातून येतो. बहुधा डोळे पिवळे करत नाही आणि बहुसंख्य रुग्णांत आपोआप जातही नाही. वीस-पंचवीस वर्षे तो यकृतात मुकाट्याने राहतो आणि पोटात पाणी साठते किंवा रक्ताची उलटी होते तेव्हाच त्याचा पत्ता लागतो. आज हा आजार बारा आठवड्यांच्या गोळ्यांनी पूर्ण बरा होऊ शकतो आणि सरकारी रुग्णालयांत त्याचे औषध विनामूल्य मिळते. असे असूनही त्याने माणसे दगावतात, कारण आजार आहे हेच अनेकांना ठाऊक नसते.

विषाणूची ओळख

हिपॅटायटिस म्हणजे यकृताचा दाह. १९७० च्या दशकात ए आणि बी या विषाणूंसाठी रक्तचाचण्या उपलब्ध झाल्या. तरीही रक्त घेतलेल्या अनेक रुग्णांना होणारी कावीळ या दोहोंपैकी कशातच बसत नव्हती. अमेरिकेतील हार्वे अल्टर यांनी हे दाखवून दिले आणि त्या अनोळखी आजाराला 'नॉन-ए, नॉन-बी' असे नकारात्मक नाव पडले. १९८९ मध्ये मायकल हॉटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या विषाणूच्या जनुकीय रचनेचा छडा लावला आणि त्याला हिपॅटायटिस-सी हे नाव मिळाले. हा एकटा विषाणू यकृताचा आजार घडवू शकतो, हे चार्ल्स राइस यांनी १९९७ मध्ये सिद्ध केले. या तिघांना २०२० चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक देण्यात आले.

हा आरएनए प्रकारचा विषाणू आहे. स्वतःच्या प्रती काढताना तो सतत चुका करतो आणि त्यामुळे त्याचे रूप बदलत राहते. शरीराची प्रतिकारयंत्रणा एका रूपाला ओळखेपर्यंत दुसरे तयार झालेले असते. हिपॅटायटिस-बी वर प्रभावी लस आहे, सी वर अद्याप नाही, याचे एक प्रमुख कारण हेच. त्याच्या अनेक जनुकीय उपजाती आहेत. भारतात तिसऱ्या उपजातीचे रुग्ण सर्वाधिक असून त्याखालोखाल पहिल्या उपजातीचा क्रम लागतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये जगात सुमारे ५ कोटी लोकांना हिपॅटायटिस-सीचा दीर्घकालीन संसर्ग होता. त्यांपैकी सुमारे ५५ लाख भारतात होते. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेच्या शास्त्रज्ञांनी पश्चिम महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात केलेल्या आणि १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत या संसर्गाचे प्रमाण अत्यल्प आढळले होते. पंजाब, हरियाणाच्या तुलनेत आपल्याकडे हा आजार कमी आहे, हे समाधानाचे आहे. मात्र हा संसर्ग समाजात सारखा विखुरलेला नसतो. वारंवार रक्त घ्यावे लागणारे, डायलिसिसवर असणारे, एकाच सुईने इंजेक्शन घेतलेले अशा ठरावीक गटांत तो दाटून असतो. सरासरी कमी आहे म्हणून अशा गटातील व्यक्तीने निर्धास्त राहणे योग्य नाही.

लागण कशी होते?

बाधित व्यक्तीचे रक्त दुसऱ्याच्या रक्तात मिसळणे हा लागणीचा मुख्य मार्ग. त्यासाठी डोळ्यांना न दिसणारा अंशही पुरतो.

भारतातील रक्तपेढ्यांत हिपॅटायटिस-सीची तपासणी २००१-०२ च्या सुमारास सक्तीची झाली. त्यापूर्वी बाळंतपणात, अपघातानंतर किंवा शस्त्रक्रियेच्या वेळी ज्यांना रक्त दिले गेले, त्यांना दिलेल्या रक्ताची ही तपासणी झालेली असेलच असे नाही. अशी माणसे आज पन्नाशी-साठीत आहेत. थॅलेसेमिया आणि हिमोफिलियाचे रुग्ण, तसेच दीर्घकाळ डायलिसिस घेणारे मूत्रपिंडाचे रुग्ण यांनाही धोका अधिक असतो.

दुसरा मार्ग सुईचा. साधा ताप असो वा अंगदुखी, 'सुई टोचल्याशिवाय गुण येत नाही' ही समजूत आपल्या खेड्यापाड्यांत आणि शहरी वस्त्यांतही मुरलेली आहे. अशक्तपणा वाटला की सलाईन लावून घेणारेही कमी नाहीत. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी अभ्यासाने भारतातील निम्म्याहून अधिक इंजेक्शने असुरक्षित ठरवली होती. काचेची सिरिंज नुसती गरम पाण्यातून काढून पुढच्या रुग्णाला वापरली जाण्याचा काळ अनेकांना आठवत असेल. आज एकदाच वापरायच्या सुया सर्वत्र मिळतात. तरीही औषधाच्या एकाच कुपीत वापरलेली सुई पुन्हा बुडवली, तर नव्या सिरिंजचा उपयोग राहत नाही.

सुईतून केवढा अनर्थ घडू शकतो, हे इजिप्तने अनुभवले. नाईल नदीच्या खोऱ्यातील एका परजीवी आजारावर उपचार म्हणून १९५० ते १९८० च्या दशकांत तेथील सरकारने गावोगाव इंजेक्शने दिली. पुरेशा निर्जंतुक न केलेल्या सुयांतून हिपॅटायटिस-सी पसरला आणि जगात सर्वाधिक प्रमाण असलेल्या देशांत इजिप्तची गणना होऊ लागली. नशेची इंजेक्शने एकमेकांच्या सुईने घेणे हे तर आज जगभर लागणीचे मोठे कारण आहे.

जत्रेत एकाच सुईने अनेकांचे गोंदणे, निर्जंतुक न केलेल्या उपकरणांनी दात काढणे, कान-नाक टोचणे, दाढीचे ब्लेड किंवा वस्तरा सामाईक वापरणे यांतूनही लागण संभवते. बाधित आईकडून बाळाला लागण होण्याचे प्रमाण शेकडा पाच-सहा असते. लैंगिक संबंधांतून लागण होऊ शकते, परंतु पती-पत्नींमध्ये तसे क्वचितच घडते.

एका ताटात जेवणे, एकाच भांड्यातील पाणी पिणे, मिठी मारणे, खोकला, शिंक किंवा डास यांतून हा आजार पसरत नाही. स्तनाग्राला चीर पडून रक्त येत नसेल, तर बाधित आईने बाळाला अंगावर पाजण्यास हरकत नाही. म्हणून रुग्णाची भांडी वेगळी करणे किंवा त्याला घरातील कार्यापासून दूर ठेवणे सर्वस्वी अनाठायी आहे.

दीर्घकालीन संसर्ग म्हणजे काय?

विषाणू शरीरात शिरल्यापासून दोन आठवडे ते सहा महिन्यांच्या काळात तीव्र अवस्था येते. या काळात सुमारे ८० टक्के लोकांना कोणतीच लक्षणे जाणवत नाहीत. थोड्यांना ताप, मळमळ, थकवा किंवा कावीळ होते. साधारण ३० टक्के लोकांचे शरीर पहिल्या सहा महिन्यांत विषाणूचा स्वतःहून निःपात करते. उरलेल्या सुमारे ७० टक्के लोकांत तो मुक्काम ठोकतो. सहा महिन्यांहून अधिक काळ विषाणू रक्तात राहिला की त्याला दीर्घकालीन संसर्ग म्हणतात.

पुढची वर्षे वरवर शांत असतात. थकवा येतो, पण तो कामाचा शीण समजला जातो. यकृताच्या पेशींचा दाह मात्र चालूच असतो. मेलेल्या पेशींच्या जागी तंतुमय ऊती तयार होतात, जखम भरल्यावर कातडीवर वण राहतो तशा. या अवस्थेला फायब्रोसिस म्हणतात. वण वाढत जाऊन मऊ यकृत कठीण व गाठाळ झाले की तो सिरोसिस होय. वीस वर्षांच्या काळात दीर्घकालीन संसर्ग असलेल्या १५ ते ३० टक्के लोकांना सिरोसिस होतो. मद्यपान, लठ्ठपणा, मधुमेह, सोबत हिपॅटायटिस-बी किंवा एचआयव्हीची लागण असणे आणि चाळिशीनंतर संसर्ग होणे या गोष्टी हा प्रवास वेगवान करतात. मद्य पूर्णपणे सोडणे ही म्हणूनच औषधाइतकीच महत्त्वाची बाब आहे.

गुंतागुंत

सिरोसिस झालेले यकृतही काही काळ आपले काम रेटून नेते. नंतर त्याची शक्ती संपते. पोटात पाणी साठून जलोदर होतो, पायांवर सूज येते. यकृतातून रक्ताला वाट मिळेनाशी झाल्याने अन्ननलिकेतील शिरा फुगतात आणि त्या फुटल्यास रक्ताची मोठी उलटी होते किंवा डांबरासारखी काळी शौचास होते. यकृताने गाळावयाची द्रव्ये मेंदूपर्यंत पोहोचल्याने झोपेचे चक्र उलटते, बोलण्यात असंबद्धता येते आणि अखेरीस बेशुद्धी येऊ शकते. डोळे पिवळे होतात ते बहुधा या टप्प्यावर. म्हणजे ज्या खुणेवरून आपण कावीळ ओळखतो, ती खूण या आजारात सर्वांत शेवटी येते.

सिरोसिस झालेल्या रुग्णांपैकी दरवर्षी साधारण १ ते ४ टक्के लोकांना यकृताचा कर्करोग होतो. प्रारंभी तोही लक्षणे दाखवत नाही. यकृत पूर्ण निकामी झाल्यास प्रत्यारोपण हाच मार्ग उरतो.

या विषाणूचे दुष्परिणाम यकृतापुरते मर्यादित नसतात. रक्तातील विशिष्ट प्रथिने थंडीत गोठून त्वचेवर जांभळे पुरळ, सांधेदुखी आणि हातापायांत मुंग्या येणे, मूत्रपिंडाचा दाह, लायकेन प्लॅनस हा त्वचारोग, टाइप-२ मधुमेह आणि लसिका ग्रंथींचा एक प्रकारचा कर्करोग यांच्याशी त्याचा संबंध आढळला आहे. रुग्ण अनेकदा प्रथम त्वचारोगतज्ज्ञाकडे किंवा मूत्रपिंडतज्ज्ञाकडे जातो आणि तेथे हा विषाणू उघडकीस येतो.

निदान

तपासणी दोन टप्प्यांत होते. पहिल्या टप्प्यात विषाणूविरुद्धची प्रतिपिंडे आहेत का, हे पाहतात. बोटातून काढलेल्या रक्ताच्या थेंबावर ही चाचणी काही मिनिटांत होऊ शकते. ती सकारात्मक आली म्हणजे आजार आहेच, असे मात्र नव्हे. ज्यांच्या शरीराने विषाणू नष्ट केला किंवा जे उपचाराने बरे झाले, त्यांच्या रक्तातही ही प्रतिपिंडे आयुष्यभर राहू शकतात. म्हणून दुसऱ्या टप्प्यात रक्तात प्रत्यक्ष विषाणू आहे का, हे एचसीव्ही आरएनए चाचणीने ठरवतात. पहिल्याच अहवालाने हातपाय गाळून बसू नये आणि दुसरी चाचणी टाळूही नये.

यकृतातील एन्झाइमांची पातळी नेहमीची आहे म्हणून संसर्ग नाही, असा निष्कर्ष काढता येत नाही. दीर्घकालीन संसर्गात ती अनेकदा नेहमीसारखीच दिसते. संसर्ग निश्चित झाल्यावर यकृतावर किती वण पडले आहेत, हे पाहणे आवश्यक असते. त्यासाठी रक्तातील प्लेटलेटची संख्या व एन्झाइम यांवरून काढलेला गुणांक, सोनोग्राफी आणि यकृताचा कठीणपणा मोजणारे फायब्रोस्कॅन वापरतात. पूर्वीसारखा सुईने यकृताचा तुकडा काढण्याची गरज आता क्वचितच पडते.

तपासणी कोणी करून घ्यावी? २००२ पूर्वी रक्त घेतलेले, डायलिसिसचे व वारंवार रक्त घेणारे रुग्ण, नशेची इंजेक्शने कधीही घेतलेले, एचआयव्हीबाधित, बाधित मातांची मुले, उघड्यावर गोंदवून घेतलेले आणि सुईशी रोजचा संबंध येणारे आरोग्य कर्मचारी यांनी निदान एकदा तरी. सांगली जिल्ह्यातील अनेक कुटुंबे सोने-चांदी गलाईच्या व्यवसायानिमित्त देशाच्या कानाकोपऱ्यांत वर्षानुवर्षे राहिली आहेत. संसर्गाचे प्रमाण अधिक असलेल्या भागात ज्यांनी रक्त, इंजेक्शने किंवा दातांचे उपचार घेतले असतील, त्यांनीही ही चाचणी करून घेणे शहाणपणाचे.

इंटरफेरॉन ते गोळ्या

१९९० च्या दशकापासून दोन दशके इंटरफेरॉन हेच मुख्य औषध होते. पुढे त्याला रायबाव्हिरिन या गोळ्यांची जोड मिळाली. सहा महिने ते वर्षभर इंजेक्शने घ्यावी लागत. ताप, अंगदुखी, केस गळणे, रक्तक्षय, तीव्र नैराश्य यांनी रुग्ण बेजार होई आणि पहिल्या उपजातीच्या रुग्णांत यशाचे प्रमाण जेमतेम निम्मे असे. सिरोसिस बळावलेल्या, म्हणजे उपचाराची सर्वाधिक गरज असलेल्या रुग्णाला ते देताच येत नसे.

डिसेंबर २०१३ मध्ये अमेरिकेत सोफोसबुव्हिर या गोळीला मान्यता मिळाली आणि चित्र पालटले. विषाणूला स्वतःच्या प्रती काढण्यासाठी लागणारे एन्झाइम ही गोळी बंद पाडते. डॅक्लाटास्व्हिर किंवा व्हेलपाटास्व्हिर या दुसऱ्या औषधासोबत ती रोज एकदा, बारा आठवडे घेतल्यास ९५ टक्क्यांच्या आसपास रुग्ण बरे होतात. अमेरिकेत प्रारंभी तिची किंमत गोळीमागे एक हजार डॉलर, म्हणजे बारा आठवड्यांना ८४ हजार डॉलर होती. २०१४ मध्ये मूळ कंपनीने भारतीय कंपन्यांना उत्पादनाचे परवाने दिले आणि २०१५ मध्ये २८ गोळ्यांची बाटली आपल्याकडे सुमारे २० हजार रुपयांना आली. पुढे स्पर्धेमुळे ती आणखी स्वस्त झाली. पंजाब सरकारने २०१६ मध्ये हे उपचार सरकारी रुग्णालयांतून मोफत देण्यास सुरुवात केली. २८ जुलै २०१८ रोजी, जागतिक हिपॅटायटिस दिनी, केंद्र सरकारचा राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. त्याअंतर्गत तपासणी व औषधे विनामूल्य आहेत.

सिरोसिस नसलेल्यांना साधारणतः सोफोसबुव्हिर व डॅक्लाटास्व्हिर, तर सिरोसिस असलेल्यांना सोफोसबुव्हिर व व्हेलपाटास्व्हिर दिले जाते. यकृत निकामी होऊ लागले असल्यास रायबाव्हिरिनची जोड देतात किंवा मुदत २४ आठवड्यांपर्यंत वाढवतात. डायलिसिसवरील रुग्ण आणि तीन वर्षांपुढील मुले यांनाही आता गोळ्यांचे उपचार देता येतात. पलूस परिसरातील रुग्णांना सांगलीचे पद्मभूषण वसंतदादा पाटील शासकीय रुग्णालय आणि मिरजेचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय ही मोठी सरकारी ठिकाणे जवळची. या कार्यक्रमाची चौकशी तेथून सुरू करावी.

उपचार घेताना

डोकेदुखी, मळमळ, थोडा थकवा यापलीकडे या गोळ्यांचा त्रास सहसा होत नाही. काही बाबतींत मात्र दक्षता हवी. उपचारापूर्वी हिपॅटायटिस-बी ची तपासणी करणे आवश्यक आहे. दोन्ही विषाणू असल्यास सी दबताच बी उसळी घेऊ शकतो. क्षयरोगावरील रिफाम्पिसिन, अपस्मारावरील फेनिटॉइन व कार्बामॅझेपिन ही औषधे या गोळ्यांचा प्रभाव घटवतात. हृदयाच्या ठोक्यांसाठी अमिओडॅरोन घेणाऱ्यांना सोफोसबुव्हिरमुळे धोका संभवतो. पित्तावरच्या काही गोळ्यांनी व्हेलपाटास्व्हिरचे शोषण कमी होते. चालू असलेल्या प्रत्येक औषधाची माहिती डॉक्टरांना द्यावी, काढे आणि जडीबुटीसुद्धा त्यात आल्या. गरोदरपणात हे उपचार सहसा पुढे ढकलतात. रायबाव्हिरिन गर्भाला घातक असल्याने ते घेणाऱ्या स्त्रीने किंवा पुरुषाने उपचाराच्या काळात आणि त्यानंतर सहा महिने गर्भधारणा टाळावी.

औषध संपल्यावर बारा आठवड्यांनी आरएनए चाचणी पुन्हा करतात. विषाणू आढळला नाही, तर रुग्ण बरा झाला असे मानतात. बरे वाटते म्हणून गोळ्या मध्येच सोडणे किंवा ही शेवटची चाचणी न करणे, या दोन्ही चुका महागात पडतात. ज्यांना उपचारापूर्वीच सिरोसिस झाला होता, त्यांचा कर्करोगाचा धोका घटतो, पण संपत नाही. त्यांनी दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करत राहिले पाहिजे. एकदा बरे झाल्याने संरक्षण मिळत नाही. बाधित रक्ताशी पुन्हा संपर्क आल्यास आजार पुन्हा होतो.

प्रतिबंध

लस नसल्याने दक्षता हाच प्रतिबंध. तोंडाने घ्यायच्या औषधाने काम भागत असेल, तर इंजेक्शनचा आग्रह धरू नये. इंजेक्शन आवश्यकच असेल, तर नवी सुई आपल्यासमोर पाकिटातून काढण्यास सांगावे. असे विचारणे हा डॉक्टरांवरचा अविश्वास ठरत नाही. केशकर्तनालयात नवे ब्लेड लावून घ्यावे. रक्त लागल्यास परवानाधारक रक्तपेढीतूनच आणावे. दाढीचे ब्लेड, नेलकटर, दात घासण्याचा ब्रश घरातही प्रत्येकाचा स्वतंत्र असावा. बाधित व्यक्तीने रक्तदान करू नये आणि हिपॅटायटिस-ए व बी च्या लसी घेण्याबाबत डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

सुईतून पसरलेल्या या आजाराने पोळलेल्या इजिप्तने २०१८-१९ मध्ये सुमारे पाच कोटी लोकांची तपासणी केली, बाधितांना देशातच तयार झालेल्या गोळ्या दिल्या आणि २०२३ मध्ये आजाराच्या उच्चाटनाच्या वाटेवरील प्रगतीबद्दल जागतिक आरोग्य संघटनेची पावती मिळवली. लस नसतानाही हे साधले, ते लपलेले रुग्ण शोधल्यामुळे. जगभरात मात्र २०२२ अखेर बाधितांपैकी केवळ ३६ टक्के लोकांचे निदान झाले होते. औषध आहे, ते मोफत आहे आणि यकृतावर वण पडण्याआधी घेतले तर पुढचे सारे टळते. त्यासाठी डोळे पिवळे होण्याची वाट न पाहता एकदा रक्त तपासून घ्यायला हवे.